फुंका, भरा, निघा

कल्याणीनगरच्या त्या पोर्शे अपघातावर आणखी एक लेख कशाला, असं वाटेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात दुचाकीवरून जाणारे दोन तरुण अभियंते, दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले, एका भरधाव गाडीने उडवले आणि संपले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, पबमधून परतणारा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि जामिनाच्या अटींमधला तीनशे शब्दांचा निबंध देशभर गाजला. विनोद झाले, व्यंगचित्रं झाली, पुण्यात तर निबंध स्पर्धाही भरवली गेली. थट्टा व्हायलाच हवी होती. दोन माणसं गेल्यावर निबंध मागणाऱ्या यंत्रणेला दुसरं काय मिळणार? पण त्याच आदेशात आणखी एक अट होती, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाची. लोक निबंधाला हसले आणि त्या हसण्यात हीही अट वाहून गेली. तेव्हापासून आपल्याकडे एक समज घट्ट झालाय, की पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत 'उपचार' हा शब्द काढणारा माणूस एकतर आरोपीचा वकील असतो, नाहीतर भाबडा.

मी वकिली करतो, त्यामुळे पहिला आरोप अर्धा कबूल. तरीही म्हणणं मांडतो. पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या प्रत्येकाची व्यसनाच्या अंगाने तपासणी झाली पाहिजे. ज्याला गरज आहे त्याला उपचार सक्तीचे हवेत, शिक्षेच्या जोडीला, शिक्षेतून एक दिवसही वजा न करता. आणि हे तो पहिल्यांदा सापडतो तेव्हा व्हायला हवं, कुणी मरायच्या आधी. कल्याणीनगरच्या आदेशात चुकलं ते हेच. समुपदेशन सांगितलं म्हणून आदेश फसला नाही; ते घाईघाईने, कसलीही तपासणी न करता, जामिनाच्या बदल्यात आणि निबंधाच्या पंगतीत बसवून सांगितलं म्हणून फसला. मृतदेह शवागारात असताना उपचाराची भाषा काढली तर ती सवलतच वाटणार. मेलेल्यांच्या आईबापांना ती शिवीसारखी लागणार, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता आपला कायदा प्रत्यक्षात काय करतो ते बघा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला दंड दोन हजारांपर्यंत होता, आता दहा हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे चलान नाक्यावर मिटत नाही, कोर्टातच यावं लागतं. शनिवार-रविवारच्या नाकाबंदीत सापडलेली मंडळी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असतात तो देखावा एकदा पाहण्यासारखा आहे. कुणी ऑफिसच्या कपड्यांत, कानाला फोन लावून "अर्ध्या तासात पोचतो" सांगणारा. कुणी रिक्षावाला, बायकोने मंगळसूत्र ठेवून आणलेले पैसे मुठीत धरून. एखादा असा, की सकाळी अकरा वाजता त्याच्या हाताला कंप आहे आणि तोंडाला कालचा नाही तर आजचा वास आहे. नाव पुकारलं जातं, गुन्हा कबूल, दंड भरा, पुढचा. दोन-तीन मिनिटं. रात्री फुंका, सकाळी भरा, दुपारी निघा. हात थरथरणाऱ्या त्या माणसाला "तुम्ही रोज पिता का?" एवढा एक प्रश्न विचारणं या सबंध साखळीत कुणाचंही काम नाही. पोलिसाचं नाही, कोर्टाचं नाही, आरटीओचं नाही. वकिलाचंही नाही, फी घेऊन आम्ही विचारत नाही.

हे दुर्लक्ष कायद्यातच मुरलेलं आहे, याचा पुरावा कलम १९ मध्ये आहे. २०१९ ला त्यात भर घातली गेली, की निलंबित झालेलं लायसन्स परत हवं असेल तर चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण ते प्रशिक्षण मिळणार कुठे? वाहन चालवण्याच्या शाळेत. सिग्नल तोडणाऱ्यासाठी, बेफाम हाकणाऱ्यासाठी ठीक आहे. पण वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या आणि बारा वर्षं रोज पिणाऱ्या माणसाला क्लच-ब्रेक पुन्हा शिकवून काय होणार? त्याला गाडी येते. न पिता संध्याकाळ काढता येत नाही. मोतीबिंदूवाल्याला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवून अक्षरं गिरवायला लावावीत, तसा हा प्रकार आहे.

इथे एक फरक नीट करायला हवा, कारण वादात दोन्ही बाजू तो गिळून टाकतात. नाक्यावर सापडणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. मित्राच्या लग्नात दोन पेग घेऊन निघालेला, थर्टीफर्स्टला पहिल्यांदाच धाडस केलेला, असे पुष्कळ असतात. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात पाठवणं हास्यास्पद होईल. त्यांच्यासाठी दंड, लायसन्सचं निलंबन आणि चारचौघांतली शरम पुरते, बहुतेकांना जन्मभर पुरते. दुसरा गट वेगळा. त्याने दंडाची पावती घरी नेली, बायकोशी भांडला, आणि त्या भांडणाच्या तिरीमिरीत पुन्हा प्यायला. हा भित्रा नाही असं नाही. भीती त्यालाही वाटते, पण त्याच्या शरीराला दारूवाचून राहण्याची भीती जास्त वाटते. कायदा या दोघांना एकाच रांगेत उभं करतो आणि दोघांकडून तेवढेच पैसे घेतो. वेगळं करायला काय लागतं? जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची तपासणी जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का. प्रशिक्षित माणसाला त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. लोक खोटं बोलतील, हे मान्य. पण रक्ताची तपासणी, यकृताची स्थिती, घरच्यांचं म्हणणं आणि आधीची नोंद यांच्यापुढे खोटं फार काळ टिकत नाही.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. श्रीमंतांना ही आणखी एक पळवाट होईल. बड्या बापाचा मुलगा कुठल्यातरी डोंगरावरच्या पंचतारांकित केंद्रात महिनाभर योगासनं करून येईल, प्रमाणपत्र दाखवेल आणि सुटेल. आत जाईल तो रिक्षावाला. ही शंका हवेतली नाही. कल्याणीनगरच्याच प्रकरणात आरोपीचे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. जिथे रक्त बदलण्याचा आरोप होतो तिथे कागदाचा एक दाखला मिळवायला कितीसा वेळ लागणार? धुराला नळी न लावता पीयूसी मिळते, गाडी न चालवता एजंटकडून लायसन्स मिळतं, तशी 'व्यसनमुक्त' असल्याची प्रमाणपत्रं नाक्यानाक्यावर मिळू लागतील. मला या मुद्द्याचं उत्तर सोपं वाटत नाही.

तरी दोन गोष्टी बघू. पहिली, आजची व्यवस्था गरिबाच्या बाजूची आहे, असं मानण्याला आधार काय? दहा हजार रुपये म्हणजे कोरेगाव पार्कात चार जणांची एक बैठक, आणि रिक्षावाल्याचे कित्येक दिवसांचे पोटाचे पैसे. दंड ही जगातली सगळ्यात श्रीमंतधार्जिणी शिक्षा आहे. ज्याच्याकडे आहे त्याला ती टोचत नाही, ज्याच्याकडे नाही त्याच्या पोरांना ती उपाशी ठेवते. आणि कैद? मुंबईत कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ते वाढवून तीन वर्षं केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत ती तीन वर्षं कायम केली. सात जीव, पाच वर्षं खटला, तीन वर्षं कैद. तेव्हा 'उपचार म्हणजे पळवाट' म्हणणाऱ्यांनी आज कुठली वाट बंद आहे तेही सांगावं.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र मागूच नका. श्वास मागा. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात २००५ पासून एक पद्धत चालते. पिऊन गाडी चालवण्यात पुन्हा सापडलेल्या माणसाला अट एकच, दारू पूर्ण बंद. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पोलिसांकडे जाऊन यंत्रात फुंकायचं. निर्मळ निघाला तर कामावर जा, मुलांना शाळेत सोड, आपलं आयुष्य जग. दारू सापडली, की तिथल्या तिथे एक-दोन रात्री कोठडी. सहा महिन्यांची मोठी शिक्षा वर्षभराने नव्हे, लहानशी शिक्षा त्याच तासाला. 'रँड' या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये या पद्धतीचा अभ्यास मांडला. जिथे ती लागू झाली त्या काउंट्यांमध्ये पुन्हा पिऊन चालवल्याबद्दलच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या. आणि, हे मला जास्त बोलकं वाटतं, घरातल्या मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी घटल्या. पिऊन गाडी चालवण्यावर उपाय केला आणि स्वयंपाकघरातली मारहाण कमी झाली. आपल्याकडे यासाठी नवं काही उभारावं लागेल का? जामिनावर सुटलेल्याने ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, ही पद्धत आपल्या रक्तात भिनलेली आहे. आरोपी येतो, वहीत सही करतो, जातो. रात्रीच्या नाकाबंदीत राबणारं ब्रेथ अॅनालायझर दिवसा कपाटात पडून असतं. हजेरीच्या वहीशेजारी ते यंत्र ठेवायचं, इतकीच ही कल्पना आहे. बड्या बापाच्या मुलालाही सकाळी सातला रांगेत त्या रिक्षावाल्याच्या मागे उभं राहावं लागेल. वेळ आणि श्वास दुसऱ्याच्या नावावर देता येत नाहीत. (हवालदाराला पैसे देऊन फुंकलं असं लिहून घेता येईल, हे मलाही कळतं. पण वर्षभर, दिवसातून दोनदा, नोंद ठेवणाऱ्या यंत्रापुढे हे करणं म्हणजे एकदाच दाखला विकत घेण्याइतकं स्वस्त काम नाही.)

यात एक धोका आहे आणि तो डॉक्टर सोडून कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडली तर तो मरू शकतो. दोन-तीन दिवसांत फिट येतात, भास होतात, माणूस भिंतीवर किडे बघतो, अंग तापतं, झटापट करतो. कोठडीतल्या शिपायाला वाटतं नाटक करतोय. म्हणून 'आत टाका दोन दिवस, उतरेल' हे वाक्य वैद्यकीय दृष्टीने बेजबाबदार आहे. आधी तपासणी, लागेल त्याला औषधांच्या आधाराने पहिला आठवडा, मग हजेरी. कडक शिक्षेच्या समर्थकांनाही यातून सुटका नाही. तुम्ही त्याला तुरुंगात घाला, पण तुरुंगातही पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर लागणारच.

दुसरा आक्षेप सज्जनांचा असतो. सक्तीने कुणाची दारू सुटत नाही, आतून वाटलं पाहिजे. या वाक्यात सत्य आहे, पण अर्धं. व्यसनमुक्ती केंद्रात आपल्या पायांनी, आतून वाटून, सोमवारी सकाळी चालत आलेला माणूस किती जणांनी पाहिलाय? बायको माहेरी गेलेली असते. साहेबाने शेवटची नोटीस दिलेली असते. मोठा भाऊ दंडाला धरून घेऊन आलेला असतो. ती सक्तीच असते, फक्त तिच्यावर कोर्टाचा शिक्का नसतो. 'आतून वाटणं' बहुतेकांच्या बाबतीत आत गेल्यावर, पहिले दहा-पंधरा दिवस डोकं ताळ्यावर आल्यावर सुरू होतं. १९९५ मध्ये एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि सहकाऱ्यांनी पिऊन चालवणाऱ्यांवरच्या उपचारांची दोनशेहून अधिक मूल्यमापनं एकत्र करून पाहिली, तेव्हा उपचारांमुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ७ ते ९ टक्क्यांनी घटतं असं दिसलं. आकडा लहान आहे, तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. उपचार घेतलेल्यांतलेही बरेच घसरतील. पण उपचार न घेतलेल्यांशी तुलना करून हे ७ ते ९ आहेत, आणि रस्त्यावर त्यांचा अर्थ काही अपघात न होणं असा आहे.

तिसरा आक्षेप जपानचा दाखला देतो, आणि तो दाखला खरोखर जोरदार आहे. फुकुओकात २५ ऑगस्ट २००६ च्या रात्री एका प्यायलेल्या चालकाने पुलावर एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली. गाडी समुद्रात पडली, तीन लहान मुलं बुडाली. देश हादरला आणि कायदा कडक झाला. तोही असा, की पिणाऱ्यालाच नाही तर त्याला गाडी देणाऱ्याला, दारू वाढणाऱ्याला आणि माहीत असून शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा. पिऊन चालवण्याने होणारे मृत्यू जपानमध्ये खूपच खाली आले. मग उपचारांचं प्रवचन कशाला, जपानसारखा बडगा उचला की! उचला. माझी हरकत नाही, उलट वाढणाऱ्याला जबाबदार धरण्याचा भाग तर आपण उद्याच घ्यावा. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांचं वय कायद्यात आहे, तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या टेबलावर दारू पोचली आणि पबवाल्यांवर कारवाई झाली ती दोन जीव गेल्यावर. पण जपानकडून घेताना एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांची मर्यादा आणि आपली मर्यादा आज जवळपास तीच आहे, रक्तात ०.०३ टक्के. आकडा सारखा आणि परिणाम वेगळा, तर फरक कलमात असेल का? फरक पकडलं जाण्याच्या खात्रीत आहे. ब्रिटनने १९६७ मध्ये श्वासतपासणी आणली तेव्हा अपघात झपाट्याने घटले, पबच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या. मग काही वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की तपासणी वाटते तितक्या वेळा होत नाही, आणि परिणाम ओसरत गेला. आपल्या २०१९ च्या पाचपट दंडाचं हेच झालं. पहिले दोन-तीन महिने सगळे टॅक्सी करत होते, आठवतंय ना?

आणि पुढे ब्रिटननेही काय केलं? वारंवार सापडणाऱ्यांना आणि फार जास्त प्यायलेल्यांना 'अतिधोक्याचे गुन्हेगार' म्हणून वेगळं काढलं आणि वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय लायसन्स परत देणं बंद केलं. बाकीच्यांसाठी अभ्यासक्रम ठेवला, जो पूर्ण केल्यास बंदीचा काळ जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाने कमी होतो. (हा सवलतीचा भाग मला आवडत नाही, आपल्याकडे तो नकोच.) जर्मनीत तर रक्तात १.६ प्रति हजार, म्हणजे ०.१६ टक्के, इतकी दारू सापडली की पहिल्या वेळीच वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षेला बसावं लागतं. लोक चिडून तिला 'मूर्खांची परीक्षा' म्हणतात. अनेकांना सहा महिने किंवा वर्षभर दारूला शिवलो नाही हे लघवीच्या किंवा केसांच्या तपासणीने सिद्ध करावं लागतं, तेही पदरचे पैसे भरून. जर्मन माणसाचं गाडीवरचं प्रेम जगजाहीर आहे. त्या प्रेमाचाच त्यांनी लगाम केला. हे देश मवाळ आहेत असं कुणी म्हणेल का? त्यांनी शिक्षा आणि उपचार यांत निवड केलीच नाही. आपण टीव्हीवरच्या चर्चेत रोज करतो.

रागाची ताकद मी कमी लेखत नाही. अमेरिकेत १९८० मध्ये कॅलिफोर्नियात तेरा वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या कडेने चालली असताना प्यायलेल्या चालकाने तिला उडवली. तो दोनच दिवसांपूर्वी अशाच दुसऱ्या प्रकरणात जामिनावर सुटला होता आणि आधीही शिक्षा झालेला होता. मुलीच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना उभी केली आणि तिने देशाचे कायदे बदलून दाखवले. त्या रागावाचून काही हललं नसतं. पण त्या कथेचं एक शेपूट आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. तो माणूस शिक्षा भोगून सुटला आणि काही वर्षांनी पुन्हा पिऊन गाडी चालवताना, पुन्हा एका तरुण मुलीला जखमी करून पकडला गेला. जामीन, दंड, कैद, सगळं त्याच्यावर वापरून झालं होतं.

राहिला जागेचा प्रश्न, आणि इथे मी खरंच अडखळतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात, आणि १८० जणांमागे एकालाच दाखल होऊन. जो आपणहून उपचार मागतोय त्याला खाट नाही, आणि ज्याने लोकांचे जीव धोक्यात घातले त्याला कोर्टाच्या हुकमाने रांगेत पुढे? हा प्रश्न एखाद्या बाईने मला विचारला, जिचा नवरा गाडी चालवत नाही, फक्त पितो, तर मी तिला काय सांगू? एवढंच सांगता येईल, की बहुतेकांना खाट लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात आठवड्याला एक फेरी, औषध आणि हजेरी यावर भागतं. आणि पैशाचं म्हणाल तर २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा येतील असा अंदाज सरकारनेच सांगितला. बाटलीमागे तिजोरीत येणाऱ्या रकमेतला एक लहानसा हिस्सा जिल्हा रुग्णालयांच्या व्यसनोपचार विभागांसाठी बांधून ठेवला, तर त्या बाईचा नवराही रांगेत येईल. दारूतून मिळवायचं आणि दारूच्या जखमेवर खर्च करताना हात आखडायचा, हा आपल्या राज्याचा जुना ढोंगीपणा आहे. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा अशी कागदोपत्री अपेक्षाही.

खासगी केंद्रांचं काय? त्यांतल्या काहींत रुग्णाला बांधून ठेवतात, मारतात, घरच्यांकडून महिन्याचे पैसे उकळतात, हे उघड गुपित आहे. कोर्टाने माणसं पाठवायला सुरुवात केली तर अशांचा धंदाच फुलेल. म्हणून सक्तीचे उपचार फक्त सरकारी रुग्णालयांत आणि कसून तपासलेल्या मोजक्या संस्थांत, यावर तडजोड नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. रुग्णाचे हक्क तिथे लिहिलेले आहेत, ते कोर्टाने पाठवलेल्यालाही लागू.

मी हे सगळं नवं काही सांगत असल्यासारखं लिहितोय, पण आपल्या कायद्याला ही भाषा परकी नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात, म्हणजे प्रोबेशनच्या कायद्यात, देखरेखीखाली सुटणाऱ्यावर नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते, असं स्पष्ट लिहिलं आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, त्याच्यासारखा कर्दनकाळ कायदाही कलम ३९ खाली दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कोर्टाला देतो. म्हणजे गांजाची पुडी खिशात सापडलेल्या व्यसनी माणसाला आपला कायदा डॉक्टरकडे पाठवू शकतो. दीड टनाची गाडी दारूच्या धुंदीत चालवणाऱ्याला मात्र ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. गांजा ओढून चालवणाऱ्याचं तर विचारूच नका. कलम १८५ मध्ये अमली पदार्थांचा उल्लेख आहे, पण नाक्यावरच्या त्या यंत्राला दारूच कळते.

महाराष्ट्राने याहून मोठे जुगार खेळले आहेत. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. खुनाच्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना कुंपणाशिवाय शेतीवर ठेवायचं, बायकामुलांसह. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, की खुन्यांचे लाड चाललेत. ती वसाहत पुढे सरकारने चालू ठेवली. पुण्यात १९८६ मध्ये गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, लाटेत कोवळी पोरं वाहून जात असताना डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा 'गर्दुल्ला' हा शब्द चोराच्याच पंक्तीतला होता. त्या पोरांना आधी चोर म्हणून बडवायचं की आधी रुग्ण म्हणून दाखल करायचं, हा वाद तेव्हाही झाला होता.

मुक्तांगण येरवड्यात आहे. कल्याणीनगरचा गुन्हा ज्या पोलीस ठाण्यात नोंदला गेला, तेही येरवड्याचंच. दोन्हींच्या मधलं अंतर रिक्षाने काही मिनिटांचं. नाकाबंदीत सापडलेला माणूस त्या ठाण्यातून कोर्टात जातो, कोर्टातून आरटीओत जातो, आणि कायदा म्हणतो म्हणून उद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही जाईल. या फेऱ्यात डॉक्टरचं दार यावं म्हणून नवा कायदा लागत नाही. कलम १९ मधल्या उजळणी प्रशिक्षणाच्या वाक्यात, कलम १८५ खाली सापडलेल्यांपुरती, 'आणि व्यसनतपासणी व आवश्यक ते उपचार' एवढी भर घालायची आहे. सहा शब्द. निबंध तीनशे शब्दांचा होता.